‘वाटेत आहे’ म्हणजे नेमकं कुठे?

मागच्या महिन्यात मामांचा फोन आला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. ज्या वाहतूक कंपनीतून माल हैदराबादला जातो, तिचा ईमेल आला होता. इंग्रजीतल्या पाच-सहा ओळी, आणि मथितार्थ असा: आमच्या एपीआयमधलं ‘स्टेटस’ हे फील्ड डेप्रिकेट होत आहे, त्याच्याऐवजी ‘कंडिशन्स’ वापरा, जुनं फील्ड आणखी सहा महिने चालू राहील.

“हे काय करलालेत बे? आपलं बंद पाडतेत का?” हा मामांचा पहिला प्रश्न. दुसरा जास्त खोचक होता. “चांगलं चाललंय की. मग बदलायचं कशाला?”

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता आलं: नाही. दुसऱ्याला फोनवर अर्धा तास लागला, आणि शेवटी मामा “बरं, बघू” म्हणाले. म्हणजे पटलं नव्हतं. अशा ईमेल हल्ली लहान धंदेवाल्यांनाही येतात, कधी कुरिअरच्या, कधी पेमेंटच्या, कधी हिशोबाच्या सॉफ्टवेअरकडून. म्हणून तो अर्धा तास इथे जरा नीट मांडतो.

## खिडकी, रकाना आणि निवृत्तीची नोटीस

आधी तीन शब्द निकालात काढू.

एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरमधली चौकशीची खिडकी. एसटी स्टँडवर आपण खिडकीत डोकावून गाडी कधी लागणार विचारतो, तसा मामांच्या ऑफिसातला प्रोग्राम दर अर्ध्या तासाने वाहतूक कंपनीच्या खिडकीशी जातो आणि विचारतो, अमुक बिल्टीचा, म्हणजे वाहतुकीच्या पावतीचा, माल कुठंय? फरक एवढाच की खिडकीतलं उत्तर छापील फॉर्मसारखं ठरलेल्या रकान्यांत येतं. फील्ड म्हणजे त्यातला एक रकाना.

डेप्रिकेट करणं म्हणजे त्या रकान्याला निवृत्तीची नोटीस देणं. नोटीस मिळालेला कारकून दुसऱ्या दिवशी घरी बसत नाही. तो कामावर येतो, सही करतो, फाइल पुढे सरकवतो. फक्त नवीन काम त्याच्या टेबलावर टाकायचं नाही आणि जुनं हळूहळू दुसऱ्याकडे सोपवायचं. रकाना खरोखर काढून टाकणं ही पुढची, वेगळी घटना. मामांनी नोटीस वाचली आणि खुर्ची उचलून नेली असं समजले. बहुतेकांचं तसंच होतं.

## ‘विस्कळीत’ या शब्दातून काय कळतं?

आता स्टेटस बदलायचं कशाला, ते पाहू. त्यासाठी सॉफ्टवेअर सोडून नळाकडे जाऊ.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे ‘आज पाणी येणार का’ हा इथला रोजचा स्टेटसचा प्रश्न. पेपरात त्याचं ठरलेलं उत्तर असतं: ‘पाणीपुरवठा विस्कळीत’. जुळे सोलापूरला राहणाऱ्या माझ्या मावशीला हा शब्द वाचून काय कळतं? काहीच नाही. कारण पाणी नळापर्यंत पोचायला एक लांबलचक साखळी आहे. भीमेवरच्या उजनी धरणात पाणी हवं. तिथला पंप चालायला वीज हवी. शंभरहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी फुटलेली नको. जलशुद्धीकरण केंद्र चालू हवं, भागातली टाकी भरायला हवी, आणि शेवटी चावीवाल्याने चावी फिरवायला हवी.

टाकी भरलीय पण चावी फिरवायची राहिलीय, तर मावशीने तासभर थांबावं. जलवाहिनी फुटली असेल तर सरळ टँकरला फोन करावा. ‘विस्कळीत’ दोन्ही वेळा खराच आहे, पण त्यावरून मावशीला काय करायचं ते ठरवता येत नाही.

मामांच्या बिल्टीचंही तेच. जुन्या स्टेटसच्या रकान्यात सुरुवातीला तीनच शब्द यायचे: ‘नोंदवला’, ‘वाटेत’, ‘पोचला’. ‘वाटेत’मध्ये सगळं कोंबलेलं. ट्रक उमरग्याजवळ असला तरी वाटेत, माल हैदराबादच्या गोदामात चार दिवस पडून असला तरी वाटेत, गिऱ्हाइकाचं दुकान बंद म्हणून दारातून परत आणला तरी वाटेतच.

## एका शब्दाऐवजी लहान लहान उत्तरं

संगणकवाल्यांनी हा धडा आपल्या घरातच गिरवला. कुबरनेटीस नावाचं सॉफ्टवेअर आहे. गूगलने ते २०१४ मध्ये खुलं केलं. शेकडो संगणकांवर कुठला प्रोग्राम कुठे चालवायचा, पडला तर पुन्हा कसा उभा करायचा, ही मुकादमी ते करतं. त्यात चालवायच्या प्रोग्रामच्या सर्वात लहान गाठोड्याला पॉड म्हणतात आणि पॉडची स्थिती ‘फेज’ नावाच्या एका रकान्यात येते. शब्द पाचच: थांबलेला, चालू, यशस्वी, अयशस्वी, अज्ञात.

गोम ‘चालू’मध्ये आहे. एखादा प्रोग्राम दर मिनिटाला कोसळून पुन्हा उठत असला, एकाही गिऱ्हाइकाला दाद देत नसला, तरी फेजमध्ये ‘चालू’च दिसू शकतं. शटर उघडं आहे, आत दिवा आहे, गल्ल्यावर माणूस नाही. दुकान चालू म्हणायचं का?

म्हणून कुबरनेटीस लिहिणाऱ्यांनी आपल्या नियमावलीत फेजची ही पद्धतच जुनी ठरवली आणि ‘कंडिशन्स’ वापरायला सांगितलं. कंडिशन म्हणजे एका वेळी एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर. मामांच्या बिल्टीवर बसवलं तर असं दिसेल:

माल उचलला? हो, सोमवारी संध्याकाळपासून.
हैदराबादच्या गोदामात उतरला? हो, बुधवारी सकाळपासून.
गिऱ्हाइकाच्या हाती पडला? नाही, गुरुवारी दुपारपासून. कारण: दुकान बंद.
परत निघाला? माहीत नाही. कारण: गोदामाचं यंत्र दोन तास बोलत नाही.

या चार ओळींत हो-नाहीपेक्षा जास्त काही आहे. उत्तर कधीपासून तसं आहे ते आहे. ‘दुकान बंद’ हे दोन मिनिटांपूर्वीचं असेल तर गप्प बसायचं, दोन दिवसांचं असेल तर गिऱ्हाइकाला फोन लावायचा. कारणही दोन प्रकारे देतात, एक यंत्राला ओळखता यावं असं ठरावीक शब्दात, दुसरं माणसासाठी सरळ वाक्यात.

आणि तिसरं उत्तर आहे, ‘माहीत नाही’. मला विचाराल तर अख्ख्या बदलातला सर्वात प्रामाणिक शब्द हाच. बिल्टीच्या जुन्या स्टेटसमध्ये खबर मिळाली नाही की यंत्र शेवटचं ठाऊक असलेलंच पुन्हा पुन्हा सांगत बसायचं. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक आपल्याला घरात बरोबर कळतो. मुलगा अजून आला नाही हे वेगळं, आणि फोन लागत नाही हे वेगळं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, बरेच जण ती विसरतात. समजा मामांनी सकाळी पाचशे टॉवेलची ऑर्डर लावली आणि दुपारी ती आठशे केली. संध्याकाळी विणकाम खात्यातून निरोप आला, “ऑर्डर पूर्ण.” कुठली? पाचशेची की आठशेची? कुबरनेटीसमध्ये प्रत्येक आदेशाला क्रमांक असतो, आणि स्थितीबरोबर ‘मी हे कितव्या आदेशाबद्दल बोलतोय’ तेही सांगता येतं. क्रमांक मागचा असेल तर ‘पूर्ण’वर विश्वास ठेवायचा नाही. कारखान्यात ही चूक किती वेळा होते ते मामांनाच विचारा. माझ्याकडे विचारू नका, मला त्यांच्याकडे जेवायला जायचं असतं.

## “मला पाच उत्तरं नकोत, एक सांगा”

मामांची पहिली हरकत हीच, आणि ती रास्त आहे. दिवसाला चाळीस बिल्ट्या बघणाऱ्या माणसाने प्रत्येकीच्या पाच ओळी का वाचाव्यात?

वाचू नयेत. वरती एक सारांश हवाच. ‘सगळं ठीक’ किंवा ‘लक्ष द्या’ एवढाच. फरक असा की हा सारांश आता कुणी वेगळा लिहीत नाही, खालच्या उत्तरांची बेरीज करून तो निघतो. पूर्वी शेवटची टोटलच पाठवायचे, आता आयटमसकट बिल येतं. टोटल पटली नाही तर बोट ठेवून विचारता येतं.

बेरीज करताना एक भान ठेवावं लागतं. काही प्रश्नांना ‘हो’ चांगलं, काहींना वाईट. ‘तयार आहे? हो’ ही आनंदाची बातमी, ‘डिस्क भरत आली? हो’ ही धावपळीची. गाडीच्या डॅशबोर्डवर हेडलाइटचा दिवा लागलेला असतो, तेलाचाही लागतो, पण घाबरतो आपण तेलाच्याच दिव्याला. कुठला प्रश्न कुठल्या बाजूचा हे आधी ठरवून लिहून ठेवलं नाही तर बेरीज उलटी निघते.

## “मग जुना रकाना पुसूनच टाका की”

ही दुसरी हरकत, आणि गंमत म्हणजे ती मामांची नाही, माझ्या ऑफिसातल्या तरुण मुलांची. नवं चांगलं आहे ना, मग दोन-दोन कशाला वागवायचे?

कारण खिडकीच्या आतल्या माणसाला बाहेर रांगेत कोण कोण उभं आहे ते माहीत नसतं. गूगलमध्ये काम केलेले एक अभियंते हायरम राइट यांच्या नावाने एक नियमच ओळखला जातो. तुमच्या खिडकीवर पुरेसे लोक येत असतील, तर तुम्ही कागदावर काय कबूल केलंय याला अर्थ उरत नाही. तुमच्या वागण्यातल्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर कुणी ना कुणी विसंबून असतंच.

याचा पुरावा मीच आहे. मामांच्या ऑफिसातला तो प्रोग्राम मी लिहिलेला, सहा-सात वर्षांपूर्वी, एका रविवारी, मामींच्या हातची शेंगा चटणी-भाकरी खाऊन. त्यात मी हिशोब सोपा ठेवला होता: स्टेटस ‘पोचला’ असेल तर हिरवं, नाहीतर ‘वाटेत’. तीनच शब्द येणार होते, तेव्हा हे बरोबर होतं. मग गेल्या वर्षी कंपनीने चौथा शब्द सुरू केला, ‘परत’. तसं कळवलंही असेल कुठेतरी. माझ्या प्रोग्रामने तो शब्द वाचला, तो ‘पोचला’ नव्हता, म्हणून ‘वाटेत’ दाखवला. दोन गाठी अकरा दिवस ‘वाटेत’ होत्या. त्या खरं तर परत येऊन कंपनीच्या सोलापुरातल्याच गोदामात, कारखान्यापासून तीन-चार किलोमीटरवर पडल्या होत्या. तिकडे गिऱ्हाईक मामांवर चिडलेलं, मामा ड्रायव्हरवर, आणि ड्रायव्हर बिचारा कधीच दुसऱ्या फेरीला गेलेला.

चूक कुणाची यावर बराच वाद घालता येईल. मी अनोळखी शब्दाला वेगळी वागणूक द्यायला हवी होती, हे कबूल. पण एका रकान्यात ठरलेले शब्द ठेवण्याचं दुखणंच हे आहे: नवा शब्द वाढवला की कुणाचं तरी गणित मोडतं, आणि वाढवला नाही तर खरी परिस्थिती सांगता येत नाही. कंडिशन्समध्ये नवा प्रश्न जोडला तर जुन्या वाचणाऱ्याला तो दिसला नाही तरी त्याची आधीची उत्तरं जागेवर राहतात.

## “नाव तेच ठेवा, आतला अर्थ सुधारा”

हा तिसरा सल्ला मधला मार्ग वाटतो. तो सगळ्यात घातक. त्यासाठी परत उजनीकडे.

बाहेरगावचा पाहुणा उन्हाळ्यात सोलापूरचा पेपर उघडतो आणि चकित होतो: ‘उजनी वजा वीस टक्के’. पाणी वजा कसं असेल? आपल्याला ठाऊक आहे. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाचं, एरवी हात न लावायचं पाणी, आणि टक्के मोजायचे ते वरच्या साधारण ५४ टीएमसी उपयुक्त साठ्याचे. मृत साठ्याला हात लागला की आकडा शून्याखाली उतरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा पन्नासच्याही खाली गेला होता.

आता समजा कुणा शहाण्याला वाटलं की ही वजाबाकी लोकांना कळत नाही, उद्यापासून टक्के तळापासून मोजू. मथळा तोच, ‘उजनी टक्के’. आज वजा वीस असलेलं धरण उद्या सकाळी पंचेचाळीस टक्के होईल. पाणी थेंबभर वाढलेलं नाही. पण माढ्यातला ऊसवाला ते वाचून पाइपलाइन टाकायला घेईल. रकाना पुसला असता तर निदान त्याने विचारलं असतं की आकडा का दिसत नाही. अर्थ गुपचूप बदलला तर कुणी विचारतही नाही.

म्हणून नवा अर्थ द्यायचा तर नवं नाव द्यायचं, आणि जुन्या नावाने जुनाच अर्थ सांगत राहायचं, त्याची मुदत संपेपर्यंत.

## दोन्ही किती दिवस चालवायचे?

हा देशाने पूर्वी केलेला प्रयोग आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे झाले. आणे त्या दिवशी संपले नाहीत, दोन्ही नाणी बाजारात बरोबरीने फिरली. गोंधळ नको म्हणून नव्या नाण्याचं नावच ‘नया पैसा’ ठेवलं. लोकांच्या हाताला ते बसलं, तेव्हा १९६४ मध्ये ‘नया’ गळालं आणि नुसता पैसा उरला.

सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब हेच केलेलं एक उदाहरण आहे. कुबरनेटीसवर चालणारे संगणकांचे समूह उभारण्यासाठी क्लस्टर एपीआय नावाचा प्रकल्प आहे. त्याच्या मंडळींनी स्थिती सांगण्याची पद्धत मुळापासून बदलायची ठरवली. आधी जुन्या आवृत्तीतच नव्या कंडिशन्स एका वेगळ्या कप्प्यात, नव्या आवृत्तीचं नाव लावून, ठेवल्या. हा त्यांचा ‘नया पैसा’. मग २०२५ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा अदलाबदल केली: नव्या कंडिशन्स मुख्य जागी, आणि जुने रकाने ‘डेप्रिकेटेड’ असं ठळक नाव दिलेल्या कप्प्यात. ज्याला जुनं हवं त्याला मिळतं, पण प्रत्येक वेळी ‘जुनं’ लिहिलेला कप्पा उघडावा लागतो. लाज वाटून का होईना, माणूस हलतो.

त्या जुन्या रकान्यांतली एक जोडी मला फार बोलकी वाटते. ‘आता हे दुरुस्त होणार नाही’ असं सांगणारे ते रकाने होते. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती अडचण थोड्या वेळाने आपोआप सुटायची, पण शिक्का बसला तो बसला, हाताने पुसल्याशिवाय जायचा नाही. ताप उतरलेल्या पोराला शाळेने आठवडाभर ‘आजारी’च्या यादीत ठेवावं, तसं.

मुदतीचे नियम जागोजागी वेगळे. कुबरनेटीसमध्ये चाचणीच्या टप्प्यातली आवृत्ती निवृत्त घोषित केल्यावरही ९ महिने किंवा ३ प्रकाशनं, यांतलं जे जास्त असेल तितकं चालवावी लागते. पक्की झालेली आवृत्ती तर त्या मुख्य पिढीत काढताच येत नाही. म्हणूनच, फेजची पद्धत जुनी ठरवली तरी पॉडचा फेज रकाना आजही जिथल्या तिथे आहे.

आणि ईमेल कुणी वाचलाच नाही तर? यंत्राने यंत्राला सांगायची सोयही आहे. खिडकीतून येणाऱ्या प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर ‘ही सेवा अमुक तारखेला बंद’ असं लिहिता येतं. २०१९ मध्ये ठरलेल्या या सूचनेचं नावच ‘सनसेट’, म्हणजे सूर्यास्त. तरीही न ऐकणाऱ्यांसाठी शेवटचा उपाय म्हणजे आगाऊ कळवून थोडा वेळ बंद ठेवणं. कोड साठवणाऱ्या गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून कोड चढवता-उतरवताना साधा पासवर्ड घेणं थांबवलं, पण त्याआधी काही तासांपुरतं ते मुद्दाम बंद करून पाहिलं. ज्याचं काम अडलं, त्याला त्या दिवशी कळलं की आपण अजून जुन्यावरच आहोत. सोलापूरकरांना भारनियमनाची सवय असल्याने यात नवल वाटू नये. फक्त हे वेळापत्रक पाळणारं भारनियमन.

## मामांच्या ऑफिसात काय झालं

ईमेल आल्यावर दोन रविवार घालवून मी प्रोग्राम बदलला. आता तो कंडिशन्स वाचतो. जो प्रश्न ओळखीचा नाही तो ‘वाटेत’मध्ये न ढकलता खाली लाल अक्षरात तसाच छापतो. वरती एकच सारांश. मामा खूश.

सोमवारी सकाळी हिशोब बघणाऱ्या काकांचा फोन. “पिवळ्या ओळी कुठं गेल्या?” कुठल्या पिवळ्या ओळी, मला कळेना. मग उलगडलं. काका गेली चार वर्षं माझ्या प्रोग्रामची यादी रोज एक्सेलमध्ये उतरवून घेत होते. ‘वाटेत’ हा शब्द दिसला की ओळ पिवळी व्हायची, आणि पिवळ्या ओळी मोजून ते शनिवारी येणी किती अडकलीत ते मामांना सांगायचे. मला याचा पत्ताच नव्हता. मामांनाही नव्हता, त्यांना फक्त आकडा मिळायचा.

तेव्हा आमच्याही यादीत सध्या दोन्ही आहेत. नवे रकाने आधी, आणि शेवटी एका रकान्यात ‘स्टेटस, जुने’. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली की तो काढायचं ठरलंय. कुठल्या वर्षीचा गड्डा, ते काकांनी अजून सांगितलेलं नाही.